हनुवटीखालचं फिडल

“गुलाब, अबे गुलाब, खाली उतर! ते मशीन बंद कराले लाव!” असं रहीमभाई पिंजारी जिनिंगच्या फाटकातून ओरडत येत होता, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आमच्या मलकापुरात जिनिंगची यंत्रं सुरू झाली की नांदुऱ्यापर्यंतच्या म्हशी दूध चोरतात. मी कापसाच्या काट्यावर उभा होतो आणि मला दिसत होतं ते फक्त रहीमभाईचं उघडं तोंड. हे दृश्यच एवढं अजब की मी वरून हसायला लागलो. कारण रहीमभाई म्हणजे वर्षातून चार शब्द बोलणारा माणूस, दोन ईदेला आणि दोन दिवाळीला. मी हातवारे करून विचारलं, काय, बायकोनं हाकललं का? तो तसाच गाड्यांमधून वाट काढत आला, काट्यावर चढला, माझी मान धरून खाली ओढली आणि कानाशी तोंड लावून म्हणाला, “मास्तर गेले.”

त्याला आता सहा आठवडे झाले... विश्वंभर मास्तरांवर लिहा, असं या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं, आणि त्यात शेवटी एक ओळ होती की शक्यतो खरं लिहा. माझी कीर्ती अकोल्यापर्यंत पोचलेली पाहून बरं वाटलं. मी कबूल केलं. तेव्हा पुढे येईल त्यातलं बारा आणे खरं आहे असं समजावं. उरलेले चार आणे मास्तरांनाही आवडत असत.

मास्तर मूळचे बुलढाण्याचे. फिडल शिकले ते भुसावळला, रेल्वेच्या वसाहतीतल्या एका गोवेकर बँडमास्तराकडे, उभं राहून, फिडल हनुवटीखाली दाबून, साहेबी पद्धतीनं. मग कोणा जाणत्यानं सांगितलं की आपलं गाणं उभ्यानं होत नाही. त्यांनी मांडी घातली, फिडलचं टोक उजव्या पावलावर टेकवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकले. मलकापूरला ते आले तेव्हा बरोबर दोन फिडलं, एक वळकटी आणि कुसुम नावाची आठ वर्षांची आईविना मुलगी, एवढाच संसार होता. भुसारी दुकानाच्या माडीवर त्यांनी खोली घेतली. खाली मिरच्यांची पोती, वर सारंग. शिष्यांना आधी शिंका यायच्या आणि मग सूर.

शिकवणं असं कडक की सांगता सोय नाही. पहिले कित्येक महिने नुसता गज ओढायचा, मोकळ्या तारेवर, बोट लावायचं नाही. एका अडत्याचा मुलगा मोकळ्या तारेवर असतानाच त्याचं लग्न ठरलं, झालं, बायको नांदायला आली, तरी त्याचं पहिलं बोट पडलं नव्हतं. पण बोट पडलं की ते जन्मात चुकत नसे. पुढे कुसुम वाजवायला लागली, तशी आमची तिघांची बैठक तयार झाली: मास्तरांचं फिडल, कुसुमचं जोडफिडल आणि माझा तबला. भल्या थोरल्या मैफिली नव्हेत. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या दिवाणखान्यात, तीस-चाळीस माणसांपुढे. तीन वाद्यांनी एकमेकांशी बोलावं आणि माणसांनी ते चोरून ऐकावं, अशी त्यांची बैठकीची कल्पना. पेटी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. पेटीचे सूर मेलेले असतात, असं ते ठासून सांगत. मीही गावभर तेच सांगत फिरलो, माझं स्वतःचं मत असल्यासारखं.

मग तो डग्ग्याचा दिवस आला. लढाई नुकतीच सुरू झाली होती. दुपारी मी दोन्ही हातांत सामान घेऊन जिना चढत होतो, आणि वरच्या पायरीवरून तांब्याचा डग्गा निसटला. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला त्यानं वेगळा आवाज दिला. खालचा दुकानदार भूकंप झाला म्हणून रस्त्यावर पळाला, समोरची बैलं दावी तोडून गेली, आणि मास्तर... मास्तर माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते, शांतपणे गजाला राळ घासत. हात थांबला नाही, मान हलली नाही. मी दारात उभा. कितीतरी वेळानं त्यांनी सहज वळून पाहिलं आणि माझा चेहरा त्यांना दिसला. मला आयुष्यात एवढ्या लवकर कोणी वाचलेलं नाही.

“गुलाबराव, दार लावा,” ते म्हणाले.

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजव्यात थोडं येत होतं, चार शेतांपलीकडून कोणी हाक मारावी तेवढं. बाकी ते ओठांवरून ओळखत. माझा आवाज तेवढा त्यांना पोचत असे, हा माझा त्यांच्या लेखी मोठा गुण. वैद्य, डॉक्टर, सगळं होऊन गेलं होतं. कुसुमला माहीत होतं. दोन्ही फिडलं तीच मिळवून देत असे. पेटीचं गुपितही तेव्हा कळलं. पेटीचा सूर हलत नाही. तिच्याशेजारी बसून तार चुकून उतरली, की पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळणार.

“हे बाहेर गेलं तर माझ्याकडे मुलं कोण पाठवील?” त्यांनी विचारलं. “ज्याला सूर ऐकू येत नाही तो सूर शिकवतो, असं कोण म्हणू देईल?” मग अगदी खिन्न हसून म्हणाले, “मलकापुरात एवढी माणसं असताना देवानं डग्गा तुमच्याच हातून पाडावा...”

मी डग्ग्यावर हात ठेवून शपथ घेतली. ज्या माणसाला सकाळी कळलेली गोष्ट न्याहारीपर्यंत पोटात ठेवता येत नाही, त्याच्या हातात आता एका माणसाचं सगळं होतं: त्याची शिकवणी, त्याची बैठक, गावातलं त्याचं उभं राहणं. सांगतो, पहिल्या महिन्यात माझं वजन घटलं. काट्यावर मीच मला तोललं म्हणून पक्कं माहीत आहे. झोपेत बडबडतो की काय, या भीतीनं मी बायकोला माहेरी धाडली. ती आनंदानं गेली.

आणि मला सगळं नव्यानं दिसायला लागलं. मांडी घालून वाजवणाऱ्या मास्तरांनी फिडल पुन्हा हनुवटीखाली का नेलं होतं? लोक म्हणत, म्हातारपणी साहेबी ढंग आठवला. प्रत्यक्षात ते जबड्याच्या हाडानं ऐकत होते. लाकूड थरथरायचं, हाड थरथरायचं, आणि कान मेला तरी सूर आत पोचायचा. इतकं दाबून धरत की जबड्याखाली बैलाच्या वशिंडाला जोखडानं पडावा तसा घट्टा पडला होता. शिष्यांची बोटं ते नुसती पाहत, आणि पाहूनच म्हणत, “तिसरं बोट केसभर वर.” ते बरोबरच असे. अडत्याची पोरं घरी सांगत की मास्तरांचा कान म्हणजे देवाचा कान. ते ऐकून मी घाबरून इकडेतिकडे पाहत असे.

तारांचं काम रहीमभाईकडे होतं. लढाईमुळे विलायती तारा यायच्या बंद झाल्या, तेव्हा मास्तर थेट पिंजाऱ्याच्या दुकानात गेले. कापूस पिंजायच्या पिंजणीला आतड्याची तात असते; ती सोलून, पिळून, बारीक करून रहीमभाईनं फिडलला बसवली. पहिल्या दिवशी खिडकीखालून जाणारी बकरी थांबून वर पाहायला लागली, नातेवाईक ओळखू यावा तशी. पण आवाज असा भरदार निघाला की मास्तरांनी विलायती तारेचं नाव टाकलं. पुढे पुढे ते जाड तात मागायला लागले, दर खेपेला आणखी जाड. रहीमभाई काही विचारत नसे. तात बोटावर गुंडाळून आणायचा, बसवायचा आणि निघून जायचा.

खरी कसोटी वडनेर भोलजीला झाली. तिथल्या पाटलांच्या नातवाचं बारसं होतं. पाटलांच्या मनात गावच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस संगीताचा वर्ग सुरू करायचा होता आणि तो मास्तरांना द्यावा की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. ठरवणारा म्हणजे पाटलांचा नागपूरचा जावई. गाण्यातला जाणकार, लोक म्हणत, उंबराला फळ धरतं तेसुद्धा त्याला ऐकू येतं. मी तीन दिवस जेवलो नाही. (दोन दिवस.) आम्ही पोचलो, तो पाटलांनी आमच्यासाठी काय करून ठेवलं होतं? आमच्या कापसाच्या मुलखात पाहुण्याचा मान गादीच्या उंचीवर मोजतात. नव्या रुईच्या तीन गाद्या, एकीवर एक, रहीमभाईकडून आठ दिवस खपून पिंजून घेतलेल्या. मी बसलो तो बेंबीपर्यंत आत गेलो. डग्गा बुडाला, त्याच्या काठाचं तेवढं दर्शन होत होतं.

मास्तर बसले. गादीवर त्यांनी तळवा टेकवला आणि मी सवयीनं डग्ग्यावर एक थाप दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी जोरात दिली. त्यांचा चेहरा पांढरा पडला... माडीवर फळ्यांची जमीन होती. माझा तबला त्यांना पायांतून, मांड्यांतून कळायचा. सम येते आहे हे फळी सांगायची. आणि इथे पाटलांच्या मायेनं तीन थरांची रुई आमच्यामध्ये घातली होती. कुसुमनं मान खाली घातली. समोर चाळीस माणसं आणि कान टवकारून बसलेला जावई.

मी उठलो. पुढचं मी ठरवून बोललो असं नाही. तोंड उघडलं की काहीतरी निघतंच, एवढ्या भरवशावर उठलो. म्हणालो, पाटील, घात होईल. मास्तरांच्या गुरूंनी एकदा राजाच्या गादीवर बसून वाजवलं. फिडलला इतकं सुख वाटलं की ते झोपी गेलं, ते सहा महिने उठलं नाही. तेव्हापासून या घराण्याचा नेम आहे: वादकानं लाकडावर बसायचं, तेही एकाच सलग लाकडावर, तबल्यासकट. जावयानं भुवई उंच केली. पाटील गोंधळले. एवढं मोठं लाकूड आणायचं कुठून? तेव्हा कोपऱ्यात बसलेला रहीमभाई उठला, एक शब्द न बोलता कोठाराच्या दाराशी गेला आणि त्याची फळी बिजागरीतून उचलायला लागला. मग चौघे धावले. आपल्या आठ दिवसांच्या मेहनतीच्या गाद्या त्यानंच ओढून बाजूला केल्या, आणि आम्ही तिघं कोठाराच्या दारावर बसलो.

मास्तरांनी मुलतानी धरली. मी त्या दिवशी तबला वाजवला नाही, दार वाजवलं. तळहात सुजून भाकरीएवढे झाले. प्रत्येक समेला मी त्यांच्या पायाच्या बोटांकडे पाहत होतो, पोचलं का, पोचलं का... आणि ती बोटं दर वेळी किंचित उचलत होती. एकदा, एकदाच, ते अर्धी मात्रा पुढे गेले. मी धावत जाऊन त्यांना गाठलं आणि कुसुमनं मध्ये एक लांब सूर टाकून ती फट बुजवली. जावयानं डोळे मिटून “वा” म्हटलं. वर्ग मिळाला. परत येताना बैलगाडीत मास्तर माझा सुजलेला हात हातात धरून बसले होते आणि कोणीच बोललं नाही. मी नाही बोललो, याची साक्ष कुसुम देईल.

आणि एवढं सगळं करून, मीच माती खाल्ली. स्टेशनसमोरच्या हॉटेलात नेहमीची मंडळी चहाला बसली होती. कापडवाला म्हणाला की मास्तरांना लई घमेंड आली. मागून रामराम केला तर मान न वळवता गेले, वडनेरचं मानपान डोक्यात गेलं. पुन्हा पुन्हा तेच. मला राहवलं नाही. मी बशी आपटून म्हणालो, “घमेंड नाही बे, त्याले ऐकूच येत नाही.”

भट्टीवरचं दूध उतू गेलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. जीभ परत आत घेता येत नाही म्हणजे काय, ते त्या घटकेला कळलं. मग हॉटेलवाला म्हणाला, “हाव, अन् मंगळवारी तू सांगत होता का मास्तरच्या फिडलनं मालगाडी थांबली.” आणि सगळे हसायला लागले. कापडवाला तर टेबलावर डोकं ठेवून हसला. जरा जास्तच हसले म्हणा ना. मीही हसलो, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. जन्मभर मारलेल्या थापा त्या दिवशी माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या, असं मला वाटलं. रहीमभाई कोपऱ्यात होता. तो तेवढा हसला नाही. चहा संपवला आणि गेला.

पण भीती गेली नाही. हसणाऱ्यांतला एखादा घरी जाऊन विचार करील. एखादा मुद्दाम मास्तरांच्या मागे जाऊन टाळी वाजवील. रोज कामावर जाताना मी त्या जिन्याखालच्या चपला पाहत असे, एखादा जोड कमी झाला का म्हणून. झाला नाही. उलट कापडवाल्यानं स्वतःची मुलगी पाठवली. पुढल्या वर्षी रोहिणखेडला बैठक होती, तर तिथे आम्ही जायच्या आधीच ओसरीवर मोठी सागवानी फळी टाकून ठेवलेली. माझी छाती फुगली. गुरूच्या झोपलेल्या फिडलची माझी गोष्ट पायी चालत आमच्या आधी रोहिणखेडला पोचली होती, असं मी कुसुमला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फिडलची खुंटी पिळायला घेतली.

शेवटचं भेटणं झालं ते तापात. मास्तर अंथरुणावर, फिडल उशाशी. आता माझा आवाजही पोचत नव्हता. त्यांनी मला जवळ बसवलं, माझं मनगट धरलं आणि हळू विचारलं, “बाहेर कोणाला कळलं?”

मी मान हलवली. नाही.

“तुम्ही कोणाला बोललात?”

मी हजारो थापा मारल्या आहेत. एकीलाही पापणी लवली नाही. तशीच मान मी पुन्हा हलवली. त्यांची बोटं माझ्या नाडीवर होती... चार-पाच ठोके ते तसेच राहिले, समेची वाट पाहावी तसे. मग म्हणाले, “लय वाढली तुमची.” आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी रहीमभाई नवी तात द्यायला गेला, तेव्हा कुसुम दारात बसलेली होती.

त्या तीन शब्दांचं काय करावं, हे मला समजेना. त्यांना कळलं होतं का? आपलं गुपित फुटलं, तेही मी फोडलं, ही काळजी उशाला घेऊन ते गेले का? माणूस गेल्याचं दुःख मला अजून धड झालेलंच नाही. ही भीती मधे उभी आहे. शेवटी परवा दुपारी मी रहीमभाईच्या दुकानात गेलो. तो पिंजणीवर होता, भुवयांवर रुई. मी सगळं ओकलो: डग्गा, शपथ, हॉटेल, नाडी. सांगितलं की चार वर्षं हे ओझं मी एकट्यानं वाहिलं आणि एकदाच सांडलं. लोकांनी थाप समजून सोडून दिलं म्हणून निभावलं. रहीमभाईनं पिंजणी थांबवली.

“थाप नाही समजले,” तो म्हणाला. “सगळ्याइले मालूम होतं.”

“कधीपासून?”

“तुया आधीपासून.”

मी रुईच्या ढिगावर बसलो. कापडवाला? हॉटेलवाला? पाटील? तो प्रत्येकाला मान हलवत गेला. रोहिणखेडच्या फळीचा निरोप त्यानंच धाडला होता. मी विचारलं, मग त्या दिवशी हॉटेलात कापडवाला घमेंड काऊन म्हणला, अन् एवढे हसले काऊन?

“घमेंड म्हटली का कानाची गोष्ट निघत नाही. अन् हसले ते तू गप्प बसावं म्हून.”

“अन् मास्तरले? लोकाइले मालूम हाये, हे त्याले मालूम होतं?”

“नाही. मालूम झालं असतं तं त्यानं दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद केली असती.”

म्हणजे पोरं जाणूनबुजून पाठवली होती. ज्यांच्या भीतीनं मी वाळलो ते सगळे माझ्याच बाजूला उभे होते, आणि मी त्यांच्यापासून तेच लपवत फिरत होतो जे ते माझ्यापासून लपवत होते. मला हसू येईना, रडू येईना, राग आला. एवढा मोठा गाव, आणि मी मास्तरांच्या मांडीला मांडी लावून बसणारा माणूस. मी म्हणालो, “मंग चार साल मले एकट्याले काऊन नाही सांगतलं बे?”

रहीमभाईनं पिंजणीची तात बोटानं तपासली.

“तू त्याले सांगून देलं असतं.”